हंसराजाचे दोन ढीग

कतारगामात आम्ही राहायला आलो तेव्हा घरामागे एक जुनी विहीर होती. तिच्या आतल्या ओल्या दगडांतून हंसराज उगवायचा. केसासारख्या काळ्या देठाचा नाजूक नेचा. पाणी टाकलं तरी पानावर टिकत नाही, घरंगळून जातं. सासूबाई तो सावलीत वाळवायच्या आणि मांडी घालून त्याचे दोन ढीग करायच्या. एक खोकल्याच्या काढ्याला, एक तापाला. गल्लीतल्या, कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्या निम्म्या माणसांना खोकला, सगळे आमच्याच दारात. त्या कशावरून निवडायच्या, ते मी कधी विचारलं नाही. आज तेवढंच एक मनाला लागून आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांतून शिकले, आणि शिकलेलं मिरवायची हौस भारी. एकदा वनस्पतींचं पुस्तक हाती आलं, त्यात हंसराज निघाला. आदियान्तम ही त्याची प्रजाती, तिच्यात पुष्कळ जाती. फूल नाही, बी नाही. पानाची कड मागे दुमडलेली, तिच्याखाली बीजाणू. मी भिंग घेऊन बसले. विहिरीतला सगळा एकाच जातीचा.

मग काय, सासूबाईंपुढे जाऊन म्हटलं, "आत्याबाई, ही दोन झाडं नाहीतच. उगीच निवडत बसता." आणि दोन्ही ढीग हाताने एकत्र केले.

त्या रागावल्या नाहीत. "तुना पुस्तकमा लिखेल शे ना माय, मंग तसंच व्हई. आते काढा बी पुस्तकलेच ईचार." शेजारीण हसली. मीही हसले, बाई.

त्यानंतर त्यांनी हंसराजाला हात लावला नाही. कुणी मागायला आलं तर म्हणायच्या, "सूनले ईचारा, ती शिकेल शे." आणि तशाच एक दिवस गेल्या.

आता वाटतं, झाड एकच असेल, पण कोवळं पान, जून पान, उन्हाच्या बाजूचं, सावलीचं, काहीतरी त्यांची बोटं ओळखत असणार. पुस्तकात ते नव्हतं.

परवा नातसुनेने नर्सरीतून हंसराजाची कुंडी आणली. इथल्या गुजराती रीतीने ती मला बा म्हणते. "बा, खोकल्याला यातलं कुठलं पान घेतात?" मी तिला प्रजाती सांगितली, जाती सांगितल्या, बीजाणूही दाखवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परत तेच विचारलं.

"मला नाही माहीत," म्हटलं.

"सांगायचं नसेल तर राहू द्या," ती म्हणाली आणि कुंडी गॅलरीत ठेवून आली.