कामोमे-तेईचा बिल्ला

स्नेहलताचा जळफळाट सुरू झाला तो एका लाकडी बिल्ल्यावरून. बिल्ला तो केवढा, तर काडेपेटीएवढा, त्यावर शाईने काढलेला सत्तावीस आकडा. पण तो ओगावाआजींनी मितालीला दिला आणि हिच्या अंगाची लाही लाही झाली.

तिचंही खरं होतं म्हणा. नवऱ्याच्या, रविकांतच्या, नोकरीपायी पुण्याहून टोकियोतल्या कोतो वॉर्डात येऊन तिला चौदा वर्षं झाली. सकाळी दुकानात बेंतोचे डबे भरायचे, आणि दर बुधवारी दुपारी तळमजल्यावरच्या ओगावाआजींकडे चहा. स्टेशनामागे आज सायकली लावतात ना, तिथे दीडशे वर्षांपूर्वी कामोमे-तेई नावाचं गाण्याबजावण्याचं थिएटर होतं, हे तिला आजींनीच सांगितलं. चटयांवर दोनशे माणसं दाटीवाटीने बसायची, समोर बायका शामिसेनच्या तारा छेडत लांबलचक कथा गायच्या. मग एका हिवाळ्यात आग लागली आणि थिएटर गेलं ते गेलंच. आजींचे पणजोबा तिथे दारात चपला सांभाळायचे. एक बिल्ला पाहुण्याच्या हातात, त्याच आकड्याचा दुसरा त्याच्या चपलांना. बावीस वर्षांत एक जोड इकडचा तिकडे झाला नाही, हे सांगताना एक्क्याण्णव वर्षांच्या आजी ताठ बसायच्या. स्नेहलताने चार वर्षं हे सगळं वहीत उतरवलं. एकदा लोकांसमोर उभं राहून सांगावं, एवढीच तिची हौस. पण बोलली कुणाला नाही, ही तिची खोड.

आणि ही मिताली. दीड वर्षापूर्वी आलेली, जपानी फाडफाड, सगळ्यांशी गोड. तीन बुधवार येऊन बसली काय आणि वॉर्डाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात कामोमे-तेईवर बोलायचं आमंत्रण पटकावलं काय. वर आजींचा बिल्ला. बरं, तिला आजींकडे नेलं कुणी, तर हिनेच. आपल्याच हाताने पायावर धोंडा.

कार्यक्रमाच्या आधी मिताली भाषणाचे कागद घेऊन आली. "ताई, एकदा नजर टाका ना. तुमच्याइतकं कुणाला माहीत नाहीये."

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, आजींचे पणजोबा शामिसेन वाजवायचे. जुन्या फोटोत त्यांच्या हातात कुण्या गायिकेची शामिसेन होती, त्यावरून पोरीने अंदाज बांधलेला. स्नेहलताने ती ओळ दोनदा वाचली. पेन हातातच होतं.

"छान झालंय," ती म्हणाली आणि कागद परत दिले. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

रविवारी हॉल भरला. मितालीने ती ओळ ठसक्यात म्हटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत आजींची मान खाली गेली, मग त्यांनीही हळूच टाळ्या वाजवल्या. शेवटी मिताली म्हणाली, "हे सगळं स्नेहलता-सान यांनी तपासून दिलंय. त्यांच्याशिवाय जमलं नसतं." लोक वळून बघायला लागले. स्नेहलताला तोंड कुठे लपवावं कळेना.

हॉल रिकामा होताना आजींनी तिचा हात धरला आणि रुमालाची गाठ सोडली. आत दुसरा सत्तावीस.

"मिताली-सानला पाहुण्याचा दिला. पाहुणे येतात, ऐकतात, आपल्या वाटेने जातात," आजी म्हणाल्या. "हा चपलांना बांधायचा, सांभाळणाऱ्याचा. हा आधीपासून तुझ्यासाठीच ठेवला होता." मग हळूच, "पणजोबांचं तेवढं तुझ्या नजरेतून सुटलं असेल. होतं असं."

तेवढ्यात मिताली आली, घामाघूम आणि खूश. "ताई, नीट झालं ना?"

मराठीत उत्तर दिलं असतं तर आजींना काही कळलं नसतं. स्नेहलताने बिल्ला मुठीत आवळला आणि जपानीत म्हणाली, "नाही झालं. पणजोबा चपला सांभाळायचे. ती चूक मी वाचली होती, आणि मुद्दाम तशीच राहू दिली."