दारावरची दीडशहाणी

माझं उभं आयुष्य एसटीच्या चौकशी खिडकीत गेलं. माणूस खिडकीपाशी पोचायच्या आत त्याला रेणापूरला जायचंय की धर्माबादला, हे मी त्याच्या चालण्यावरून सांगू शकत होते. अशा बाईच्या दाराला मुलानं व्हिडिओ बेल बसवली, कारण दारात कोण आलंय ते मला नीट कळणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

खात्री व्हायला निमित्त झालं ते मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं. गॅसची नळी तपासायला आलोय म्हणून दोघं घरात शिरले आणि तिच्या गळ्यातली पोत ओढून पळाले. ही बातमी पुण्याला माझ्या मुलाकडं कशी पोचली कोण जाणे. पुढच्याच शनिवारी तो डबी घेऊन हजर झाला. चौकटीच्या उजव्या अंगाला त्यानं ती ठोकली, मोबाइलवर बोटं फिरवली आणि मला समोर बसवून सांगितलं, "आई, आता दारात कोण आलं ते मला तिकडं बसून दिसेल. दिवाळीपर्यंत बघू. ही नीट चालली तर तू इथं राहा. नाही चालली तर मी तुला घ्यायला येतो, घर भाड्यानं देऊन टाकू."

म्हणजे मी माझ्या घरात राहायचं की नाही, हे आता ती डबी ठरवणार होती. मला तिचा पहिल्या दिवसापासून तिरस्कार वाटला आणि पहिल्या दिवसापासूनच तिची मनधरणीही करावी लागली. असा अपमान नोकरीत साहेबांनीसुद्धा माझा केला नव्हता.

पुण्याच्या घराबद्दल माझी तक्रार नाही. सून गुणी आहे. पण तिथं मला चहा हातात आणून देतात आणि कप विसळू देत नाहीत. दुपारी गॅलरीत उभी राहिले तर खाली गाड्यांची टपं दिसतात. कुणाला ओ द्यायची नाही, कुणाची हाक यायची नाही. तिथं गेले की दुसऱ्या दिवसापासून मी आपल्या परतीच्या गाडीचा विचार करायला लागते.

आता गंमत अशी की आमच्या गल्लीत बेल वाजवायची रीतच नाही. आधीची साधी बेल वर्षानुवर्षं नुसती धूळ खात होती. येणारा फाटकाची कडी वाजवतो आणि ओरडतो, "हाव का ओ घरात?" आतून कुणी ओ दिली नाही तर तो सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. ही नवी बेल आल्यावर समोरची शेजारीण, जिच्या घरचं पेंड-सरकीचं दुकान आहे, ती बघायला आली. मला ती अक्का म्हणते. बेलीकडं तिनं बराच वेळ मान वाकडी करून पाहिलं.

"अक्का, नवी वस्तू हाय. कुंकू न्हाई लावलं का ओ?"

मी काही म्हणायच्या आत ती देवघरातून करंडा घेऊन आली आणि अंगठ्यानं बेलीला हळद-कुंकू लावलं. कपाळ समजून तिनं नेमकं भिंग भरून टाकलं. पुण्यात मुलाला दुपारपर्यंत सगळं लाल दिसत होतं. त्यानं मला फोन करून विचारलं, दारात काही झालंय का. मी म्हटलं, हो, तुझ्या बेलीची पूजा झालीय.

इतपत करमणूक झाली. त्यानंतर ती बंद पडायला लागली.

पूर्ण बंद पडली असती तर मी समजून घेतलं असतं. ही मधूनच जायची. निळा दिवा लाल व्हायचा, वाजायची नाही, आणि पुण्याहून फोन यायचा. "आई, बेल ऑफलाइन दाखवतीय. तू बरी आहेस ना?" मी त्याच्याशी बोलतेय म्हटल्यावर बरीच असणार, पण हे त्याला पटायचं नाही. त्याच्या मते बेल सांगेल ते खरं.

मग दुरुस्ती. मधल्या खोलीत टीव्हीच्या बुटक्या टेबलावर राउटर आहे, तो बंद करून चालू करायचा. मग बांगडीतली सेफ्टी पिन काढून बेलीच्या बुडाच्या भोकात खुपसायची आणि दाबून धरायची. मग आतून एक बाई इंग्रजीत तोंड वर करून काहीतरी सांगणार. मग मोबाइलवर काळे-पांढरे ठिपके उमटवून तो मोबाइल तिच्या भिंगासमोर धरायचा, पुढं-मागं करत, लहान पोराला खुळखुळा दाखवतात तसा. तिला पसंत पडला तर ती टिंग करते. नाही पसंत पडला तर पुन्हा पिन. मी दारात हे करत असताना जाणारे-येणारे थांबून बघायचे. एकानं तर विचारलं, काकू, फोटो काढायलाव का भिंतीचा?

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तिथला मुलगा प्रत्येक वाक्याआधी खेद व्यक्त करत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, खेद राहू दे, इलाज सांग. त्यानं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मीही नोकरीत लोकांना "येतीय गाडी, थांबा" असं सांगितलेलं आहे, गाडी डेपोतच पंक्चर होऊन पडलेली असताना. पण मी ते माणसाच्या तोंडाकडं बघून सांगायचे आणि तो चिडला तर शिव्या मलाच खाव्या लागायच्या. या पोराला चार भिंतींआड बसून नुसता खेद करायचा होता.

मग इंटरनेटवाल्यांचा माणूस आला. गॉगल कपाळावर, चपला घरात. त्यानं भिंतीवर टकटक केलं आणि भिंती जाड आहेत असं सांगितलं. भिंती रोजच जाड असतात, मग बेल रोज का जात नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यानं समोरच्या घराकडं बोट केलं. शेजारणीनं वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्या आहेत. खेड्यापाड्यातून डॉक्टर व्हायला आलेली पोरं. "ते घेत असतील तुमचं वायफाय," असं म्हणून त्यानं पासवर्ड बदलला आणि चहा न घेता गेला. एवढं एकच काम त्यानं चांगलं केलं.

मी मूर्खासारखी शेजारणीला विचारायला गेले. फार सांभाळून विचारलं, पण विचारलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमचं वायफाय घेऊन काय करायचंय अक्का त्यांना? ते पोरं पुस्तकातून मुंडी वर काढंनात. जेवा म्हणलं तरी ऐकंनात. खामखा कुणाचं बी नाव घेऊ नगा."

त्या दिवसापासून तिची हाक बंद झाली. इतक्या वर्षांचा शेजार त्या डबीनं घालवला, आणि नवा पासवर्ड घालूनही ती बंद पडायची ती पडलीच. मुलगा फोनवर शांतपणे बोलायला लागला होता, आणि तेच मला जास्त लागलं. "आई, दिवाळीला येतो. तुझ्या कपड्यांची बॅग काढून ठेव." मी त्याच्यावर ओरडले नाही. फोन ठेवला आणि त्या बेलीला तोंडावर शिव्या दिल्या. तेव्हा ती नेमकी चालू होती, आणि त्यानं ते सगळं ऐकलं.

आमच्या गल्लीची आणखी एक रीत आहे. नळ आठवड्या-दहा दिवसांनी येतो, कधी येईल ते नळालाच ठाऊक. ज्या बाईला आधी कळेल तिनं सगळ्या गल्लीला हाक द्यायची. भांडण असो, अबोला असो, ही हाक चुकवायची नाही. तर एका सकाळी समोरून तो रुसलेला आवाज आला, "नळ सुटलाय ओ." अक्का शब्द नव्हता, पण हाक मलाच होती.

आमच्या नळाला जोर नाही, पाणी पुढच्या खोलीच्या मागं चढत नाही. म्हणून माझी निळी टिपाडं, म्हणजे प्लॅस्टिकची मोठी पिंपं, पुढच्याच खोलीत असतात. दाराला लागून असलेल्या भिंतीशी विटांचा कट्टा आहे, त्यावर ओळीनं उभी. मी पाइप टाकून एकेक भरत होते. शेवटच्याला फेस आला आणि मी झाकण ठेवलं, तर फोन वाजला. "आई, बेल ऑफलाइन."

मी फोन कानाला तसाच धरून त्या टिपाडांकडं बघत उभी राहिले. मागच्या वेळीही असंच झालं होतं. हात ओले होते म्हणून फोन पदरानं धरला होता, ते मला आठवलं. त्याच्या आधीच्या वेळीही.

कुठली गाडी कुठल्या वारी हमखास बंद पडते, हे मी मेकॅनिकच्या आधी ओळखायचे. बाजाराचा वार, जास्त माणसं, त्याच घाटात इंजिन तापणार. मी मधल्या खोलीत जाऊन टीव्हीच्या टेबलापाशी खाली बसले. राउटरच्या जागेवरून दाराकडं पाहिलं. दार दिसतच नव्हतं, मध्ये टिपाडांची भिंत होती. जाड होती ती ही भिंत, पाण्याची, आणि ती रोज सारखी जाड नसते.

खात्री करायला हवी होती. प्रयोगासाठी पाणी सांडून देण्याइतकी मी शिकलेली नाही. माझ्याकडं धुवायच्या गोधड्या होत्या. त्या धुतल्या, फरशी धुतली, स्वयंपाकघरातले हंडे-कळशा भरून घेतल्या. दोन टिपाडं तळाला गेली आणि दारावर टिंग झालं. माझ्या पिनेशिवाय, कुणाच्या खेदाशिवाय. मी पुढच्या नळापर्यंत गप्प राहिले, आणि नळ आल्यावर पुन्हा तेच झालं. मला आनंद वगैरे झाला नाही. इतक्या सगळ्या शहाण्यांनी मिळून भिंत जाड आहे, पोरं चोर आहेत, म्हातारी बावळट आहे एवढं शोधून काढलं आणि खोलीत उभी टिपाडं कुणाला दिसली नाहीत, याची चीड आली. सगळ्यात आधी समोर गेले आणि शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "म्या म्हणलं न्हवतं का?" मग चहा टाकला.

मुलाला मात्र फोनवर सांगितलं नाही. फोनवर त्यानं ऐकलं नसतं, राउटर बंद करून चालू कर म्हणाला असता.

दिवाळीच्या तोंडावर तो आला. गाडीच्या डिकीत दोन रिकाम्या बॅगा होत्या. मी त्या पाहिल्या आणि पाहिल्या नाहीत असं दाखवलं. दोन दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी समोरून हाक आली, "अक्का, नळ सुटला."

"मोबाइल घे आणि दारात उभा राहा," मी त्याला म्हटलं. "बेलीत बघत राहा."

"कशाला?"

"सांगते ते ऐक."

तो दारात उभा राहिला, मोबाइलमध्ये स्वतःलाच बघत. मी पाइप टाकला. पहिलं टिपाड भरलं तेव्हा चित्र नीट होतं. पुढचं भरताना त्याच्या कपाळाला आठी पडली. "चित्र अडकतंय." मी झाकण ठेवलं आणि पाइप पुढच्यात सोडला. शेवटचं भरत आलं तेव्हा बेलीचा दिवा लाल झाला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग टिपाडांकडं, मग आत राउटरकडं. लहानपणी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेलं पोर आहे ते. पाणी त्याला नवीन नाही, तो विसरला होता एवढंच.

"इतकंच होय," तो म्हणाला. "राउटर पुढं आणू. वायर वाढवली की झालं. मग चोवीस तास दार दिसेल."

"आण. दार दिसेल."

"मग?"

"आता दार दिसत नाही तेव्हा समजायचं की माझ्या घरात पाणी आहे. लख्ख दिसायला लागलं की समजायचं, टिपाडं तळाला गेली. राउटर हलवलास की तुला फक्त दार दिसेल."

बाह्या वर करून त्यानं उरलेल्या कळशा भरल्या आणि मागं नेऊन ठेवल्या. दुपारी बाजारातून वायर आणली, टीव्हीच्या टेबलाखाली ठेवली, आणि निघताना ती तिथंच राहिली. रिकाम्या बॅगा रिकाम्याच परत गेल्या.

बेल आहे. अजूनही मधूनच जाते, आतली बाई अजूनही कुणी न विचारता इंग्रजी बोलते, शेजारीण अजूनही तिच्याकडं न बघता फाटकातून ओरडते. बेलीबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

उन्हाळा लागला आणि नळ लांबला. एका दुपारी मुलाचा फोन आला.

"आई, कालपासून दार फार स्वच्छ दिसतंय गं. पाणी किती उरलंय?"

मी फोन हातात घेऊन गेले, झाकण काढून वाकून पाहिलं आणि खरं ते सांगितलं. तो म्हणाला, टँकरवाल्याला आत्ता फोन करतो, आणि घाईनं फोन ठेवला. त्या सकाळी दारात कोण कोण येऊन गेलं, ते त्यानं विचारलंच नाही.