तुलनेचं गाव

गोकुळला तुम्ही अमडापूरच्या बाजारात पाहिलं असेल. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. हल्ली तो दुसऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. एखाद्या पोराने कागद वाचायला डोळ्यांजवळ नेला, की हा मशीन तशीच चालू सोडून दुकानामागे निघून जातो. लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नाही. मी त्याच्यासोबत चार वर्षं काम केलंय, मला सगळं ठाऊक आहे. तरी मी लोकांना तसं म्हणू देतो, कारण त्यात माझी सोय आहे.

डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता त्याची पस्तिशी उलटली, तेव्हा कुठे त्याला आमच्या संस्थेत काम मिळालं. योजना नवी होती. पूर्वी सरकार टेंडर काढून सगळ्यात कमी दरवाल्याकडून शाळांसाठी पुस्तकं घ्यायचं आणि ती गोदामात वाळवी खायची. आता सरकार पुस्तकं नाही, निकाल विकत घेणार होतं. बाहेरच्या एका गुंतवणूकदाराने आधी पैसा घालायचा, त्यातून निवडक गावांतल्या मुलांना वाचायला शिकवायचं, आणि मुलं खरोखर वाचू लागली असं सिद्ध झालं तरच सरकारने तो पैसा नफ्यासकट परत करायचा. मला ही कल्पना आवडली होती. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडते.

आमची संस्था शिकवणारी नव्हती, मोजणारी होती. मोजायला जोड लागते, म्हणून आणखी काही गावं निवडली होती. तिथे काहीच शिकवायचं नाही, नुसतं दरवर्षी जाऊन तीच मुलं तपासायची. ही तुलनेची गावं. ती जितकी मागे राहतील, तितकं शिकवणाऱ्यांचं काम उठून दिसायचं. तिथल्या कुणाला मदत करायची नाही, पालकांना काही सांगायचं नाही, असा नियम होता. आम्ही बाकीचे तो जमेल तसा पाळायचो. गोकुळ मात्र नियमाचा एवढा पक्का, की त्या गावांत कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आम्ही त्याला ‘कलेक्टर’ म्हणून चिडवायचो.

पहिल्याच वर्षी अशा एका गावात त्याला अर्पिता भेटली. दुसरीतली, सात वर्षांची. तिच्या हातात अक्षरांचा कागद दिला, तर तिने तो नाकाला टेकवला आणि ओळीवरून नाक फिरवू लागली. तपासणीला आलेले सगळे हसले. पोरगी कागद हुंगते म्हणाले. गोकुळ हसला नाही. त्याने चार पावलं मागे जाऊन तिला बोटं दाखवली. ती अंदाजाने आकडे सांगत राहिली.

त्याने शाळेच्या ओट्यावरूनच मला फोन लावला. मी चिखलीच्या ऑफिसात सुपरवायझर होतो.

“पोरीले दिसून नाही राह्यलं बे. तिच्या मायले सांगून देऊ का?”

“तुलनेचं गाव हाय ना ते?” मी म्हणालो. “आज तू डोये दाखवाले लावशीन, उद्या दुसरा पोराइले शिकवनी लावीन. मंग मोजाचं काय? नियम वाच बे.”

“हाव,” म्हणून त्याने फोन ठेवला. कागदावर अर्पितापुढे शून्य लिहिलं आणि संध्याकाळी ते शून्य मी कॉम्प्युटरवर चढवलं.

दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी तर तिने कागद नाकाजवळही नेला नाही. हातात घेतला, न पाहताच परत दिला आणि जागेवर जाऊन बसली. तिची आई वंदना दरवर्षी वांग्यांची टोपली कडेला ठेवून शाळेच्या फाटकाशी उभी असायची. “बरी हाय ना सर पोरगी?” एवढंच विचारायची. गोकुळ पिशवीची चेन लावत मान हलवायचा.

निकाल उत्तम लागला. शिकवलेली गावं फार पुढे निघाली, गुंतवणूकदाराला पैसा मिळाला, बुलढाण्याला कार्यक्रम झाला. अहवालात दोन रेघा होत्या, एक चढत गेलेली आणि एक तळाशी पडून राहिलेली. गोकुळ त्या खालच्या रेघेवर बोट ठेवून इतका वेळ बसला, की मी अहवाल त्याच्या हातून काढून घेतला.

काम संपलं तसा नियमही संपला. चौथ्या दिवशी तो त्या गावी गेला आणि मायलेकींना डोळ्यांच्या शिबिरात घेऊन आला. डॉक्टरांनी तपासलं, जाड चष्मा दिला आणि म्हणाले, लहानपणी डोळ्याला स्पष्ट चित्रच मिळालं नाही, तर त्याचं पाहायला शिकणं राहून जातं. दोन-तीन वर्षं आधी आणायला हवं होतं. आता चष्म्याने थोडं सुधारेल, फळ्यावरचं दिसणार नाही.

वंदनाला त्यातलं एकच कळलं, की हा परका माणूस देवासारखा धावून आला. तेव्हापासून दर बाजाराला ती त्याच्यासाठी पिशवीभर भाजी आणू लागली. वांगी, मिरच्या, कोवळ्या भेंड्या. पैसे घ्यायची नाही. गोकुळच्या घशाखाली त्यातलं काही उतरेना. तो पिशवी माझ्याकडे आणून टाकायचा, आणि सांगायला लाज वाटते, आम्ही ती भाजी खायचो. गोकुळ मात्र वाळत चालला. बोलता बोलता हातातला कागद नाकाशी न्यायचा आणि तसाच थांबायचा.

“मले सांगाच लागते तिले,” एके दिवशी तो म्हणाला. “मले ठाऊक होतं, हे सांगाच लागते.”

मी नको म्हणालो, तो ऐकेना. शेवटी मीच त्याला गाडीवर घेऊन गेलो. वंदना वांग्यांत निंदत होती, अर्पिता धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेली. गोकुळ सरीत उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पहिल्या वर्षीच ओळखलं होतं, तीन वर्षं बोललो नाही, नियम होता. नियम कुणी वाचायला लावला, ते त्याने सांगितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

ती चिडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. तिने खुरपं खाली ठेवलं.

“माहे दीर, शालिग्राम भावजी, तयार होते हो सर,” ती म्हणाली. “दुसरीतच. बुलढान्याले नेतो म्हने पोरीले, डोये दाखवतो. गाडी आनली होती दारात. मीच म्हनलं, राहू द्या. परवाच ते हापिसातले सर पाहून गेले. येवढे शिकेल मानसं गावात येऊन पोरीले तपासतात, काई असतं त सांगतल्याबिगर ऱ्हायले असते का?”

तिने आमच्याकडे पाहिलं नाही. धुऱ्यावर गेली, पोरीचा चष्मा काढला आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणू लागली, “म्या थांबोलं वं माय तुले. म्या थांबोलं.”