पाड्यातलं कंपाउंड

सांगलीहून निघताना पिशवीत नंदासाठी बेदाणे होते आणि डोक्यात तिने फोनवर सांगितलेला पत्ता: "भिवंडी स्टँडवरून रिक्षा कर आणि वळ गावाच्या पुढे गुलमोहर कंपाउंडला उतर." नंदा माझी वसतिगृहातली मैत्रीण. लग्न होऊन ती बोरपाड्याला (पाडा म्हणजे गावाची लहान वस्ती) गेली. आता तिच्या लेकीचं लग्न ठरलंय आणि पत्रिका छापायला जाण्याआधी मी ती तपासावी असा तिचा हट्ट. मी मराठीची मास्तरीण, दुसऱ्याच्या चुका काढायला एका पायावर तयार.

शहर संपेपर्यंत यंत्रमागांचा खडखडाट रिक्षात शिरत होता. तो मागे पडला आणि गोदामं सुरू झाली. दोन्ही बाजूंना निळे-करडे पत्रे, मध्येच एखादं भाताचं खाचर, चुकून राहून गेल्यासारखं. प्रत्येक फाट्यावर पाटी आणि पाटीवर कुणाचं ना कुणाचं कंपाउंड.

"बोरपाडा माहीत आहे का हो?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"वो किधर आया? कंपाउंड का नाम बोलो ना ताई."

नाव सांगितल्यावर त्याने बिनचूक आणून सोडलं. घोटाळा पुढे मी केला. आमच्या सांगलीत कंपाउंड म्हणजे भिंत. कंपाउंडला उतर म्हटल्यावर भिंतीपाशी उतरायचं आणि बाहेर घर शोधायचं, असा माझा हिशेब. त्या लांबलचक भिंतीला मी भर उन्हात अर्धी प्रदक्षिणा घातली आणि मागच्या गटाराशी पोचले. तिथून फोन केला तेव्हा नंदा हसत सुटली. "अगं, आत ये! इथं कंपाउंड म्हणजे सगळं आवार. आमची घरं आतच आहेत."

आत गोदामांच्या दोन रांगा, उभे ट्रक, आणि त्यांच्या पलीकडे दहा-बारा कौलारू घरं. गुलमोहर औषधालाही नव्हता.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. पहिल्या घासालाच ठसका लागला, पण हात थांबला नाही. घरातलं वातावरण मात्र त्याहून तिखट होतं. नंदाचा नवरा विलास पत्रिकेवर फक्त गुलमोहर कंपाउंड छापा म्हणत होता. तिचे सासरे, सगळे त्यांना बाबा म्हणतात, भिंतीला टेकून बसले होते.

"नातीच्या पत्रिकेत पाड्याचा नाव न्हाय, तर मी मांडवात बसनार न्हाय," ते म्हणाले.

"बाबा, साखरपुड्याला पाहुण्यांनी बोरपाडा विचारला आणि गाडी दोनदा हायवेला जाऊन परत आली," विलास म्हणाला. "कोणाला म्हायतीच नाय. कंपाउंड लिहिलं की मॅपवर पण येतं."

मला गप्प बसवेना. शब्दांच्या जन्मकथा सांगायची खाज मोठी वाईट. मी म्हटलं, "कंपाउंड हा शब्द मूळचा इंग्रजी नाही, असं बरेच जाणकार मानतात. मलाया मुलखात खेड्याला कंपुंग म्हणतात. तिकडे गोऱ्या व्यापाऱ्यांच्या वखारी आल्या. घरं, वखार, अंगण असं कुंपणातलं सगळं त्या नावाखाली आलं आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं कंपाउंड झालं. काही जण पोर्तुगीज शब्दाकडे बोट दाखवतात, पण मला पहिलंच पटतं."

"म्हणजे कंपाउंड म्हणजे गावच ना?" विलासने शब्द झेलला. "बघा बाबा! मग हरकत काय?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. बाबांचा हात ताटातच थांबला. मला फार वाईट वाटलं. कंपाउंडच्याही मुळाशी गावच आहे, असं त्यांच्या बाजूने सांगायला गेले होते आणि त्यांच्या गावाचं नाव मीच पुसून ठेवलं होतं.

ते म्हणाले, "गाव म्हंजे कंचा बी गाव, बाई. आमच्या गावाला नाव हाय."

"आहेच, बाबा. पण घर कंपाउंडच्या आत आहे, तेवढं तरी लिहावं लागेल."

"आत?" त्यांनी दाराबाहेर हात केला. "तो वॉचमन बसतो ना, थय आमची होळी लागं. ट्रक लागल्यान, थय बोरी होत्या. पाडा कंपाउंडात न्हाय. कंपाउंड पाड्यात हाय."

नंदाने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि मी मुकाट्याने पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसले. निघेपर्यंत पत्त्याची ओळ कोरीच होती.

परतीला योगायोगाने तोच रिक्षावाला भेटला. "मिला क्या, ताई, गुलमोहर कंपाउंड?"

"मिला. बोरपाडे में है."

"अच्छा? रोज सवारी लेके आता हूँ, मालूम नहीं था."

सांगलीला आल्यावरही तो कोरा पत्ता डोक्यातून जाईना. एवढी वर्षं मी मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले. शब्दाचा अर्थ गाव असला तरी तेवढ्याने तो गावाचं नाव होत नाही, हे मात्र त्या घरात कळलं.

काल पत्रिका मोबाइलवर आली. खाली पत्ता होता: बोरपाडा, वळच्या पुढे. गुलमोहर कंपाउंड याच पाड्यात आहे.

लग्नाला जाताना रिक्षावाल्याला मी बोरपाडाच सांगणार आहे. नाही कळलं, तर कळेपर्यंत सांगेन.