घरट्याची राखण

माझ्या लग्नाची वैशाखातली तिथी ठरली, तरी भावाचा काही निरोप येईना. तापीकाठची केळी सोडून तो सातपुड्यात वनखात्याच्या झाडांच्या बागेत राखणदार झाला होता. शेवटी चैत्रात बाबा मला घेऊनच निघाले. "तुन्हं ऐकी तो," ते म्हणाले. शहाद्याहून एसटीत बसल्यापासून दर वळणावर ते उठून पुढे बघत होते. बाबा आणि भाऊ बोलायला लागले की भांडणच व्हायचं.

बाग इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने लावलेली. अंजन, मेडशिंगी, रक्तचंदन, एक फुगीर बुंध्याची गोरखचिंच. भाऊ एकेका झाडापाशी थांबे, बाबा पुढे चालत राहत. एका उंच अर्जुनाखाली त्याने आम्हाला थोपवलं. वर काटक्यांचं घरटं, त्यात कापसासारखं पिल्लू. एवढ्यात सर्पगरुडाची मादी चोचीत लोंबता साप घेऊन उतरली. बाबाही क्षणभर मान वर करून उभे राहिले.

"मागच्या साली कोणी तरी घरटं पाडं," भाऊ म्हणाला. "हाई पिल्लू उडाले जेठ उजाडी. तोपावत मी आठून हालत नही."

"बहीनपेक्षा पाखरू मोठं शे का?"

भावाने मान पुन्हा घरट्याकडे वळवली. बाबा पानं तुडवत येरझारा घालू लागले. मी कधी घरट्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते. वाटलं, याने लग्नाला यायला हो म्हणावं. आणि पिल्लू एकटं पडू नये, असंही वाटलं. मग मीच म्हणाले, "बाबा, एसटी चुकी." परतीच्या एसटीत ते एकदाही जागेवरून उठले नाहीत.

लग्नाच्या दिवशी आई सारखी दाराकडे बघत होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि खाकी कपड्यांतच भाऊ मांडवात शिरला. एका ओळखीच्या माणसाला झाडाखाली बसवून आला होता. नवऱ्या मुलाचा कान पिळला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवताच निघाला.

बाबांनी पंगत सोडली. डब्यात बुंदीचे लाडू भरून ते भर उन्हात स्टँडकडे पळाले. मी हार सावरत बसले होते, पण जीव तिकडेच. बऱ्याच वेळाने ते परत आले, हातात डबा नव्हता. दोघांचं काय बोलणं झालं, मी कधी विचारलं नाही. ज्येष्ठात मात्र मी माहेरी गेले, तर बाबा सातपुड्यात पिल्लू उडताना बघायला गेलेले होते.