फुकटची झाकणं

शत्रू हवा असेल तर कुणाच्या बांधाला हात लावायची गरज नाही. स्वतःच्या हातांनी एखादी छान वस्तू करा, तिला गुळगुळीत रंधा मारा आणि शेजाऱ्याला फुकट द्या. बाकीचं तो पाहून घेतो. हे मी ऐकीव सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात, भूमच्या एका गल्लीत, मी हा प्रयोग स्वतः केला आहे. फुकटचं नेलं सहा घरांनी आणि वैर मिळालं सातव्या घराचं.

मी तिथल्या एका सहकारी संघात कारकून होतो. संघात विहिरींसाठी ऑइल इंजिनं यायची, जाड लाकडी खोक्यांत बसून. इंजिन बैलगाडीत चढलं की रिकामं खोकं माझं, असं मॅनेजरांशी ठरलेलं. संध्याकाळी ओसरीवर करवत, रंधा, पटाशी मांडून बसायचो. घराण्यात कुणी सुतार नव्हता. मला नुसती हौस. आणि हौस म्हटल्यावर पैसे घेणं कमीपणाचं वाटे. पोळपाट, पाट, देव्हारा, जो मागेल त्याला दिला. लोकांनी काय केलं? एकीनं पोळपाट परत आणला, डुगडुगतो म्हणून. एकानं पाट नेला आणि त्याच पाटावर बसून खऱ्या सुताराचा पाट कसा असतो ते मला समजावून सांगितलं. पैसे मोजून आणलेल्या वस्तूचा डुगडुगणारा पाय माणूस कागदाची घडी घालून सांभाळतो. फुकटच्या वस्तूचा मात्र पंचनामा होतो.

त्या उन्हाळ्यात टँकर एक दिवसाआड यायचा आणि हौदात पाणी सोडून जायचा. हौदावरून घागरी आणून दारातला रांजण भरायचा आणि तो पुरवायचा. मग पाणी चोरीला जाऊ लागलं. सकाळी पाहावं तर रांजण चार बोटं खाली. घरातलं सोनं गेलं असतं तर गल्ली एवढी बोंबलली नसती. बायको म्हणाली, पोळपाट पुरे झाले, आता रांजणाला कुलूप लागेल असं झाकण करा.

केलं. गोल फळी, तिच्यावर लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला कोयंडा. रांजणाच्या गळ्याला साखळी, तिची कडी कोयंड्यावर आणि त्यात कुलूप. इतकं झकास झालं की शेजारीण पाणी राहिलं बाजूला, झाकणच न्याहाळत बसली. मग तिला एक, तिच्या पलीकडच्यांना एक, असा मी गल्लीच्या या टोकाकडून निघालो. माझं धरून सातवं झालं आणि लाकूड संपलं. विहिरीच कोरड्या, इंजिन कोण नेणार? इंजिनं गोदामात आपापल्या खोक्यांत बसून राहिली.

राहिलं ते गल्लीच्या त्या टोकाचं घर. तिथं एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सख्ख्या मेव्हण्याला बिनतिकिटाचा म्हणून परंड्याच्या रस्त्यावर भर उन्हात उतरवलेला माणूस.

गल्लीनं दोन दिवसांत निकाल लावला. कारकुनानं सगळ्यांना झाकण दिलं आणि एकालाच दिलं नाही. म्हणजे झाकण कुणाच्या भीतीनं, ते त्याला ठाऊक असणार. हौदावर मास्तरांच्या सुनेच्या घागरीपासून बायका आपल्या घागरी बाजूला सरकवू लागल्या. एकीनं गोड आवाजात विचारलं, "तुमाला कशाला लागतंय झाकण, बाई? तुमचा रांजण तर भरलेलाच असतोय." सून रिकाम्या घागरी घेऊन रडत घरी गेली.

त्याच दिवशी मास्तर माझ्या ओसरीसमोर येऊन उभे राहिले. वर या म्हटलं तर आले नाहीत. मी म्हणालो, "मास्तर, लाकूड संपलंय. आलं की पहिलं तुमचं. अगदी फुकट."

"फुकट न्हाय. इकत दे."

"मी विकत नाही. हौस आहे माझी."

"तुझ्या हौशीनं माझं घर चोराचं केलंय," ते म्हणाले. "दुकान घातलं असतंस तर ज्यानं पैसा टाकला त्याचं झाकण. कुणी काय इचारलं नसतं. तू वाटलंस. वाटणारा माणसं निवडतो. मला का निवडलं न्हाय, ते आता गल्ली सांगतीय."

बायकोच्या मते मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. घाम माझा, लाकूड माझं, आणि चोर ठरवलं गल्लीनं. बोलणी मात्र मला. तरी मी हत्यारांच्या पेटीची फळी उचकटून झाकण केलं आणि मास्तरांच्या दारात ठेवलं. ते माझ्या दारात परत आलं, उलटं. मी पुन्हा नेऊन ठेवलं. या वेळी ते माझ्या पायरीवर आपटलं गेलं आणि सोबत निरोप आला: आठवड्याच्या बाजारात मांडून बस, चार लोकांदेखत घेईन.

मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "अहो, त्या पोरीला हौदावर उभं राहू देत नाहीत. बसा जाऊन."

बसलो. एका बाजूला केरसुणीवाली, दुसऱ्या बाजूला दोरवाला, मध्ये पोत्यावर संघाचा कारकून आणि एकुलतं एक झाकण. संघाचे सभासद येता-जाता विचारत होते, सायेब, पगार थकला का काय. मास्तर आले ते जुना खाकी कोट चढवून, सुनेला सोबत घेऊन. मी खुन्नस म्हणून बाजारभावाच्या तिप्पट किंमत सांगितली.

"फळी वाकडी हाय," मास्तर म्हणाले.

"नजर सरळ करून बघा."

"एवढ्या पैशात सोलापूरला जाऊन येईन म्या."

"जा की. येताना पाणी आणा."

लोक जमले. मास्तर झाकण फिरवून बघत, कडी वाजवत, दोन पावलं जात आणि परत येत. त्यांना सौदा संपवायचाच नव्हता, हे मला उशिरा कळलं. गल्लीतलं शेवटचं माणूस गर्दीत येऊन उभं राहीपर्यंत त्यांनी घासाघीस ताणली. मग एक पैसा कमी न करता मी सांगितलेली किंमत माझ्या पोत्यावर टाकली, झाकण डोक्यावर घेतलं आणि सगळ्या गल्लीतून मिरवत घरी नेलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली माझ्याकडे आपापल्या झाकणाचे पैसे घेऊन येऊ लागली. आता फुकटचं झाकण म्हणजे भिकेचं झाकण झालं होतं. मी एकाचेही पैसे घेतले नाहीत. निव्वळ दुष्टपणानं. काय मजा आली म्हणून सांगू.

मास्तरांनी मात्र आपल्या झाकणाला कुलूप लावलं नाही. कडी तशीच लोंबकळत ठेवली. गल्लीत उघडा रांजण तेवढाच, त्यामुळे चोरी तिथंच होऊ लागली. रोज सकाळी मास्तर दारात येत, झाकण उचलत, आत हात घालत आणि खणखणीत आवाजात सांगत, "आज तीन बोटं गेलं." एवढं बोलून ते कुलूपबंद घरांकडे एकेक करून बघत. आम्ही सातही घरं किल्ल्या कमरेला लावून, मान खाली घालून चहा पीत असू. पाऊस पडेपर्यंत हे चाललं. माझ्याशी ते त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीही बोलायला गेलो नाही.

हौदावर आता बायका त्यांच्या सुनेला स्वतःहून पुढं जागा देत. ती घेत नसे. रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राही आणि सगळ्यांच्या घागरी भरताना बघत असे.