गारठ्यात पास झालेल्या बॅटी

माझ्या थोरल्या वन्सं एकोणतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात तपासणीला होत्या. निवृत्त झाल्या आणि मैदानावर सॉफ्टबॉलच्या बॅटी तपासायला लागल्या. घरात त्यांना सगळे मापकाकू म्हणतात, कारण पडद्याची शिवणसुद्धा त्या पट्टी लावून बघतात.

सामन्याआधी प्रत्येक बॅट त्यांच्या टेबलावर येते. आधी मान्यतेचा शिक्का बघायचा. मग भेग आहे का ते अंगठ्याने चाचपायचं. मग लोखंडी कडी वरून सरकवायची. अडकली तर बॅट फुगलेली. शेवटी ती शिकंज्यात धरून शिकंज्याचा दांडा फिरवायचा, आणि बॅट दाबायला किती जोर लागला ते काटा कुठे थांबतो त्यावरून वाचायचं. जी बॅट सहज दबते तिच्यावरून चेंडू जास्त जोरात सुटतो, म्हणून काटा ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिला की बॅट बाद. पास झालेलीला हिरवी पट्टी. एकदा एक मुलगी फणकारली होती, की काकू, चेंडू मी मारते, बॅट नाही. वन्सं म्हणाल्या, मग झाडूने खेळ.

ह्या बॅटी लाकडाच्या नाहीत, कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेल्या. गारठ्यात कडक होतात, उन्हात नरम पडतात. म्हणून तपासायच्या आधी तासभर त्या खोलीत ठेवायच्या, हा वन्संचा नेम. त्या रविवारी खोलीची किल्ली असलेला शिपाई उशिरा आला. दोन्ही संघ घाई करत होते. बॅटी रात्रभर गाड्यांच्या डिकीत पडलेल्या, हाताला बर्फासारख्या लागत होत्या. वन्संनी त्या उघड्या व्हरांड्यातच तपासल्या. सगळ्या पास. पट्ट्या मीच चिकटवल्या.

दुपारी ऊन चढलं. माझी मुलगी चेंडू टाकत होती. टाकणारी मारणारीच्या अगदी समोर उभी असते, आणि चेंडू सोडल्यावर हात वर करायलाही तिला वेळ नसतो. मी नेहमीसारखी मनात नामस्मरण करत बसले होते.

समोरच्या संघातल्या एकीला सगळे तोफ म्हणत. तिने पहिला फटका मारला तो लेकीच्या डोक्यावरून गेला. दुसरा गुडघ्याजवळून. तो गेलेला मला दिसलाच नाही, नुसता आवाज आला. त्या आवाजाने वन्संनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, ही सकाळची बॅट नाही," त्या पुटपुटल्या. "म्हणजे तीच आहे. पण आता उन्हात तापलीय."

तोफ पुन्हा पाय रोवून उभी होती, आणि लेक हात मागे घेत होती. वन्सं उठल्या त्या थेट मैदानातच शिरल्या. पासष्टीच्या बाईला असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. पंचांनी खेळ थांबवला.

पंच समजुतीच्या सुरात म्हणाले, पट्टी तुमचीच आहे ना काकू, मग पास केलेली बॅट मधेच कशी काढायची?

"पट्टी माझीच आहे. चूकही माझीच. मी गार बॅटी तपासल्या."

सगळं मैदान ऐकत होतं. समोरचे प्रशिक्षक हसले. "भाची टाकतेय म्हणून आत्याला चूक आठवली वाटतं."

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "मग दोघांच्याही आणा. सगळ्याच."

तोफेची बॅट पहिली घेतली. काटा आकड्याच्या बराच खाली थांबला. प्रशिक्षकांनी तो स्वतः वाकून बघितला आणि बॅट बाजूला ठेवली. मला रडू आलं. वाचली माझी पोर, एवढंच मनात होतं.

पुढची बॅट आमच्या लेकीची होती. ती त्याहूनही खाली गेली.

लेक म्हणाली, "आत्या, पुन्हा बघ ना." वन्संनी पुन्हा बघितलं. तोच आकडा. आदल्याच डावात लेकीने त्या बॅटीने सरळ फटका मारला होता, त्यांच्या टाकणाऱ्या मुलीच्या कानाजवळून, आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ती मुलगी आता टेबलापाशी येऊन उभी होती. आमच्या लेकीपेक्षा वर्षभराने लहान असेल. काट्याकडे बघताना तिचा हात आपोआप कानाकडे गेला.

वन्सं खुर्चीत बसल्या. दांडा धरायला गेल्या तर बोटं वळेनात.

"तू फिरव," त्या मला म्हणाल्या. "मी वाचते."

अजून अकरा बॅटी होत्या. मी दांडा फिरवत होते, आणि प्रत्येक वेळी काटा थांबेपर्यंत आम्ही दोघी श्वास रोखून होतो.